दादीचा हक

मुनाफ: आता तोंड उघडून राहिली तू? दावत सांगून झाली, अंजनगावले होकार गेला, अन् आता?

जैबुन: शुक्रवारीही तोंड होतंच मला. उघडलं नाही, एवढंच.

मुनाफ: तेच तर म्हनतो! पडद्याच्या इकडून मी सोता विचारलं. मुश्ताकचाचासमोर विचारलं. अंजनगाव सुर्जीचे इनायत पानमळेवाले, तुले कबूल आहेत का, जैबुन? तू चूप. चाचा म्हने, भाऊ समोर आहे, पोरगी शरमते, चूप म्हंजे हो. मी जबान देऊन बसलो.

जैबुन: पोरगी शरमते! मी पोरगी आहे का, भाई? मी एका पोरीची आई आहे. जिचं पहिलं लग्न आहे तिची चूप म्हणजे हो. जिचं एकदा झालं अन् मोडलं, तिला तोंडानं बोलावं लागतं. साफ, ऐकू येईल असं. चाचांना ठाऊक नसेल तर मशिदीत जाऊन विचारा.

मुनाफ: अमरावतीले जाऊन बी.ए. काय केलं, आता मौलवीले शिकवीन हे! अब्बाले मी तवाच म्हनलं होतं, बाईच्या जातीले इतकं पुस्तक चांगलं नाही.

जैबुन: अब्बांनी शिकवलं म्हणून तिवशाच्या सासरहून जिवंत आले. नाहीतर तुम्ही मला तिथल्या कब्रस्तानात भेटायला आला असता.

मुनाफ: झालं. सुरू झालं तुह्यं. अवं, खुला, बाईनं मागाचा तलाक, तू मागतला. मेहर तू सोडला. नवऱ्यानं टाकली असती तर लोक तरस तरी खातात. इथं दुकानात कापूस पिंजून राहिलो मी, गिऱ्हाईक गादी दाबून पाहते अन् हळूच विचारते, मुनाफभाई, तुमच्या बहिणीनं नवरा सोडला म्हनतात? काय सांगू मी त्याले?

जैबुन: हो म्हणून सांगायचं. अन् गादी कापसाची आहे का चिंध्यांची, तेही सांगायचं.

मुनाफ: पाह्यलं? जबान पाह्य! याच जबानीनं घर बसवते का कोनी? दोन खोल्या आहेत मायाजवळ. भाभीचे दिवस भरत आले. बाळंतीण कुठं झोपवू, मोरना नदीत?

जैबुन: भाभीला मी जड झाले, ते दिसतं मला. परवा शमीमनं दुसरी भाकर मागितली तर भाभी दुरडी घेऊन उठली.

मुनाफ: तू तर सगळंच पाहते. रात नाही, दिवस नाही, पाहतच राहते. पोट्टी खोकलली काहून, पोट्टीच्या कपाळाले काय लागलं, कोनं उचललं, कोनं उतरवलं. अवं, त्या लेकराले श्वास तर घेऊ देत जा!

जैबुन: तुमच्या बायकोनं दुरडी उचलली ते मी सांगितलं, तर त्यावर काही बोलत नाही तुम्ही.

मुनाफ: बोलतो ना. तुले सोताची दुरडी भेटून राहिली, ते बोलून राहिलो. इनायतमधे काय खोट आहे सांग. दारू पीत नाही. बायको बुखारानं मेली, मारून नाही मेली. पानमळा आहे, विहीर आहे. तू म्हनली, मले पाहाचं आहे माणूस. मोहल्ल्यात हासं झालं माह्यं, बहीण दुल्हा पाहाले बसली म्हनून. तरी आणला की नाही त्याले घरी?

जैबुन: आणलात. अन् ते पाहणं आपल्या दीनात, धर्मात मना नाही. हेही मीच सांगितलं होतं तुम्हाला.

मुनाफ: मंग पाह्यलं ना? डोळा तिरपा आहे का? लंगडते का थो?

जैबुन: नाही.

मुनाफ: मंग?

जैबुन: शमीम त्यांच्याजवळ गेली होती त्या दिवशी. आठवतं? ती कोणाजवळ जात नाही. मोठा मनुष्य दिसला की माझ्या मागे लपते. तिनं विचारलं, तुमच्या मळ्यात साप आहेत का? तुम्ही इकडून म्हणालात, नाही बेटा, कुठले साप.

मुनाफ: लेकरू घाबरलं असतं.

जैबुन: ते म्हणाले, आहेत. पानमळ्यात अंधार असतो, गारवा असतो, साप येणारच. पण ते त्यांच्या कामात असतात अन् मी माझ्या. तू आलीस तर पाय वाजवत चालायचं. ती संध्याकाळभर पाय वाजवत फिरली घरात. भाभीनं दटावलं तिला.

मुनाफ: म्हंजे सापाचा भेव आहे तुले?

जैबुन: भाई, लेकराशी खोटं बोलला नाही तो माणूस. मला हो म्हणायचं होतं.

मुनाफ: या अल्ला! मंग म्हन ना! कोनं तोंड धरलं तुह्यं?

जैबुन: हो म्हटलं अन् निकाह लागला, तर शमीम जाईल माझ्याजवळून.

मुनाफ: कुठं जाईन? इनायतनं सांगितलं मले, पोरगी आईसोबत येईन, मी बाप होईन तिचा.

जैबुन: त्यांच्या सांगण्यानं काय होतं? तिवसेवाल्यांच्या कानावर गेलं तर…

(दारावर थापा. बाहेरून हाजराबीचा आवाज: "मुनाफमियाँ, दार उघडता का गल्लीतूनच बोलू?" जैबुन उठून उभी राहते.)

जैबुन: गेलं कानावर. सास आहे माझी. होती. भाई, शमीम कुठं आहे?

मुनाफ: शेजारी, मनकर्णाबाईच्या इथं. तूच तर धाडली.

जैबुन: भाभीला मागच्या दारानं पाठवा. मनकर्णाबाईंना म्हणावं, मी स्वतः आल्याशिवाय पोरीला उंबऱ्याबाहेर सोडू नका. कोणी खाऊ घेऊन आलं तरी नाही. आधी पाठवा, मग दार उघडा.

मुनाफ: म्हातारी आहे थे, डाकू नाही.

जैबुन: पाठवा म्हटलं ना!

(मुनाफ आत जाऊन बायकोला मागच्या दारानं पाठवतो, मग दार उघडतो.)

हाजराबी: सलाम वालेकुम. चांगलं उन्हात उभं केलं तुम्ही मले. तिवशाहून अमरावती, अमरावतीहून अकोला, दोन गाड्या बदलून आली. पानी तरी देता?

मुनाफ: वालेकुम सलाम. बसा अम्मा. कसं काय येणं केलं?

हाजराबी: मुबारकबाद द्याले आली. ऐकलं, जैबुनचा निकाह ठरला. चांगलं झालं. जवान बाई कितीक दिवस भावाच्या चुलीवर राहीन? पोट्टी कुठं आहे?

जैबुन: झोपली आहे.

हाजराबी: कुठं? खाट तर रिकामी दिसून राहिली.

जैबुन: तुम्ही मुबारकबाद दिलीत. पाणी प्या. गाडीची वेळ होईल तुमची.

हाजराबी: काय वं, सासूले घरातून काढून राहिली का?

जैबुन: माझी सास नाही तुम्ही. शमीमच्या दादी आहात.

हाजराबी: हे बरोबर बोलली. दादीच आहे मी. दादी म्हनूनच आली. मुनाफमियाँ, निकाहच्या दिवशी पोट्टीले तयार ठेवा. तिचा चाचा कय्यूम न्याले येईन.

मुनाफ: न्याले? कुठं न्याले? पोरगी आईजवळ राहीन ना!

हाजराबी: आई आईच्या घरी राहीन तवापर्यंत. पोरगी सयानी होईपर्यंत आईचा हक, हे मले मान्य आहे. म्हनून मी आजलोक काही बोलली का? पन आईनं परक्या मानसाशी निकाह केला, पोट्टीच्या रक्ताचा नाही अशाशी, की आईचा हक सुटला. मंग नानीचा. तुमची अम्मी…

मुनाफ: अम्मी तर गेली.

हाजराबी: अल्ला जन्नत देवो. नानी नाही, मंग दादी. दादी ही बसली.

मुनाफ: जैबुन? हे खरं आहे का?

जैबुन: तेच सांगत होते मघापासून. तुम्हाला माझी जबान दिसत होती.

मुनाफ: पन मले कोनीच सांगतलं नाही! बिस्मिल्लाबी स्थळ घेऊन आली, एक शब्द बोलली नाही ते! चुड्या भरता भरता म्हने, मुनाफमियाँ, असा हिरा तुम्हाले दिवा घेऊन भेटणार नाही.

हाजराबी: ते कशी बोलीन? मायी मावसबहीण आहे ते.

मुनाफ: काय?

हाजराबी: मीच धाडली तिले. काहून डोळे वटारता? वाईट स्थळ धाडलं का मी? पाहा ना तुम्हीच. दारुडा धाडू शकली असती, म्हातारा धाडू शकली असती. मी गावोगाव विचारून भला माणूस हुडकला. जैबुनसाठी मायाजवळ बददुवा नाही. तिले घर भेटो, मले मायी पोट्टी.

जैबुन: माझ्यासाठी नवरा शोधला तुम्ही. असा शोधला की मी हो म्हणावं.

हाजराबी: हो. तुह्या मनातलं मले ठाऊक आहे. माया घरात राहिली तू. गोड बोलणाऱ्यापेक्षा खरं बोलणारा तुले आवडते, हे काय मले समजत नाही?

मुनाफ: तुमी तर शैतान निघाल्या, अम्मा!

हाजराबी: जबान सांभाळा. मी कायद्यानं मागून राहिली, चोरून नाही नेत.

जैबुन: सत्तार असलेल्या घरात पोरगी देऊ मी?

हाजराबी: थो बाप आहे तिचा.

जैबुन: बाप असतानाच तर मी आले तिथून. शमीम कडेवर होती माझ्या. तिच्यासकट ढकललं त्यानं मला ओट्यावरून. तुम्ही आतून दाराला कडी घातली होती. कडीचा आवाज ऐकला मी, अम्मा.

मुनाफ: हे तू मले सांगतलं नाही.

जैबुन: सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, मरदाला राग येतो.

हाजराबी: पोटच्या पोरीले हात लावीन का थो? तुह्याशी त्याचं जमलं नाही, तू उलट बोलत जाय.

जैबुन: त्याची दुसरी बायको तर उलट बोलत नव्हती ना? मुकी गाय आणली म्हणून सगळ्या तिवशात सांगितलं तुम्ही. ती कुठं आहे?

हाजराबी: माहेरी गेली. येईन.

जैबुन: येणार नाही. अन् तुमच्या मनगटाला काय झालं?

हाजराबी: काही नाही. विहिरीवर पाय घसरला.

जैबुन: विहिरीवर कय्यूम पाणी काढतो. तुम्ही नाही जात. मागच्या महिन्यात कय्यूम बाजाराला आला होता अकोल्याला. मला भेटला. त्यानं सांगितलं, भाईनं अम्मीवर हात उचलला.

हाजराबी: कय्यूम हलकट आहे. घरची गोष्ट बाहेर सांगते.

मुनाफ: लेक आईले मारते, अन् तुमी त्याच घरात माया भाचीले नेता? लाज आहे का थोडी?

हाजराबी: तुमाले काय समजते, मुनाफमियाँ! पोट्टी होती तवा थो घरात मोठ्यानं बोलत नव्हता. बाहेरून तापून ये, हे दुडूदुडू समोर जाय, अब्बा म्हने, थो खाली बसे. कितीक बार पाह्यलं मी. पोट्टी गेली अन् घराले अवकळा आली. आता संध्याकाळी सायकलची घंटी ऐकू आली की माह्या हातातलं भांडं पडते. एक लेकरू अंगणात असलं की थो मानसात राहते.

जैबुन: एका वेळी राहिला नाही. त्याच वेळी ती माझ्या कडेवर होती.

हाजराबी: एका वेळी.

जैबुन: तुम्हाला नात नको आहे, अम्मा. तुम्हाला ढाल पाहिजे. तुमच्यासमोर धरायला.

हाजराबी: तू नव्हती का धरून उभी? कडेवर घेऊन काहून गेली त्याच्यासमोर?

मुनाफ: बस्स! आता एक शब्द नाही!

जैबुन: राहू द्या, भाई. बरोबर बोलल्या त्या. मीही तेच समजत होते. लेकरू कडेवर असलं की मारणार नाही. रोज रात्री आठवतं मला ते. म्हणूनच सांगते, आता तिला कोणी धरणार नाही. मीही नाही, तुम्हीही नाही.

हाजराबी: मंग दुसरा रस्ता ऐक. मी दोन रस्ते घेऊन आली. पोट्टीही तुह्याजवळ राहीन अन् हकही जाणार नाही. चाचा पोरीले परका नाही. आईनं चाचाशी निकाह केला तर तिचा हक तसाच राहते. कय्यूमशी कर.

मुनाफ: कय्यूमशी?

हाजराबी: सोन्यासारखा आहे. सायकलचं दुकान टाकून देतो त्याले. तू, पोट्टी, कय्यूम, मी. सगळे एका घरात.

जैबुन: अन् सत्तार?

हाजराबी: अंगणात मधे पडदा लावू.

जैबुन: पडदा! माझा पहिला नवरा पडद्याच्या तिकडे, दुसरा इकडे. अन् संध्याकाळी पडदा कोण धरून ठेवणार, तुम्ही? कय्यूमला मी अलिफ-बे शिकवलं, अम्मा. त्याच्या अंगाला खरूज होती, मी तेल लावायची. मिसरूड फुटली नाही त्याला अजून. भाभी म्हणून रडला माझ्यासमोर बाजारात, तुमच्या मनगटासाठी रडला.

मुनाफ: जैबुन, जरासक ऐक. म्हंजे मी फक्त म्हनतो… लहान असते, मोठं होते. पोरगी तर जवळ राहीन तुह्या.

जैबुन: भाई, तुम्ही आत्ता त्यांना शैतान म्हणालात.

मुनाफ: म्हनलं. पन रस्ता तर दाखवून राहिल्या ना. तुह्याजवळ कोनता रस्ता आहे? सांग! अंजनगावले गेली तर पोरगी जाते. इथं राहिली तर… मले नाही म्हनता येत, पन तू पाहते ना सगळं.

जैबुन: पाहते. म्हणून बोलते. ऐका दोघेही. कय्यूम मला कबूल नाही. नाही, नाही, नाही. आता चूप राहिले असं कोणी म्हणायचं नाही. अन् अंजनगावही नाही.

हाजराबी: अंजनगावही नाही? इतका भला माणूस?

जैबुन: तुम्हीच तर हुडकलात. नाही म्हणजे नाही. निकाह नाही, तर माझा हक माझ्याजवळ. आता तुम्ही कुठल्याही काझीला विचारा.

हाजराबी: जवान आहे तू. किती दिवस राहशीन अशी?

जैबुन: ती सयानी होईपर्यंत.

हाजराबी: भावाच्या दुरडीवर?

जैबुन: जुन्या शहरातल्या उर्दू शाळेत जागा निघाली आहे. आठ दिवसांपासून माहीत आहे मला. मी जात नव्हते, कारण मनात दुसरं होतं. उद्या जाते.

मुनाफ: हे बी मले सांगतलं नाही.

जैबुन: आता सांगितलं. पगार झाला की भाभीच्या हातात धान्याचे पैसे ठेवीन. दुरडी खाली राहू द्या म्हणावं.

हाजराबी: मले एक बार पाहू तर दे पोट्टीले. इतक्या दुरून आली मी.

जैबुन: नाही.

हाजराबी: अवं, दादी आहे मी! उचलून नाही नेत, तोंड पाहतो फक्त.

जैबुन: आज नाही. आज तुम्ही तिला न्यायला आला होतात. नुसत्या पाहायला याल तेव्हा मी तिला तुमच्या मांडीवर देईन. इथं, या खोलीत, माझ्यासमोर. मागचं दार लावून.

हाजराबी: मायावर इतका बी भरवसा नाही?

जैबुन: सायकलची घंटी ऐकून तुमच्या हातातलं भांडं पडतं. भांडं पडतं तसं काहीही पडेल.

हाजराबी: बददुवा नव्हती मायाजवळ तुह्यासाठी. आता आहे.

जैबुन: द्या. पण इथंच राहायचं असेल तर राहा. कय्यूमलाही बोलवा. भाई गादी घालतील.

मुनाफ: मी? अवं, दोन खोल्या आहेत मायाजवळ!

हाजराबी: लेकाले सोडून येऊ मी? तू नवरा सोडला. आई लेक सोडते का कधी?

जैबुन: मग जा. मनगटाला हळद-तेल लावा. अन् बिस्मिल्लाबींना म्हणावं, या दारात चुड्या घेऊन येऊ नका.

हाजराबी: पोट्टी सयानी होईन तवा मी नसीन, जैबुन. हे ध्यानात ठेव. मी मेल्यावर तिले दादीचं तोंडही आठवणार नाही.

मुनाफ: अम्मा, चला. मोटर स्टँडपर्यंत येतो मी. उन्हात एकट्या जाऊ नका.

हाजराबी: राहू द्या. आली तशी जाईन.

मुनाफ: गेली. पाह्य, पाणीही पूर्ण पेली नाही. म्हातारीले असं उन्हात काढून देतात का? लय कठीण झाली तू.

जैबुन: दाराला कडी घाला.

मुनाफ: घातली. आता बोल. अंजनगावले काय सांगू मी? मुश्ताकचाचा जीव खाईन माहा. पेशइमामले सांगून ठेवलं. इनायत तर सोता येईन सोमवारी.

जैबुन: सांगा, बाईनं नाही म्हटलं.

मुनाफ: काहून म्हनीन थो.

जैबुन: घमेंडी आहे म्हणा. शिकलेली आहे, डोकं फिरलेलं आहे. मोहल्ला म्हणतोच, तुम्हीही म्हणा.

मुनाफ: बदनामी काहून घेते फुकटची? खरं सांगून टाकतो ना, पोरगी जाईन म्हनून नाही म्हनते. थो समजदार माणूस आहे.

जैबुन: नाही! खरं सांगू नका. कसम आहे तुम्हाला अम्मीची.

मुनाफ: पन काहून?

जैबुन: खरं ऐकलं तर ते म्हणतील, शमीम सयानी होईपर्यंत थांबतो.

मुनाफ: मंग थांबू दे ना त्याले!

जैबुन: शमीम अजून चपला उलट्या पायांत घालते, भाई.